दाढीवाला काय म्हणाला

माझा घोटा बर्फ शोव्हल करताना मोडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कॅनडातल्या सस्काटूनमधली सगळी मराठी मंडळी तसं समजतात आणि माझ्याकडे जरा आदरानं बघतात. ड्राइव्हवे साफ करून झाला होता. मी फावडं गॅरेजच्या भिंतीला टेकवलं, मागे वळून स्वतःच्या कामाकडे कौतुकानं पाहिलं आणि त्या कौतुकातच खाली बसलो. बसलो म्हणजे मी एकीकडे आणि उजवं पाऊल दुसरीकडे.

हे २०१७ च्या नोव्हेंबरातलं. घोट्यात एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, मग चंद्रावर जाणारे लोक घालतात तसला बूट, मग फिजिओथेरपी. पोटॅशच्या खाणीच्या ऑफिसातून मला लांबलचक रजा मिळाली. बायको हॉस्पिटलात फार्मसिस्ट. ती सकाळी सातच्या आत गाडीची वायर सॉकेटमधून काढून निघून जायची. आमच्याकडे हिवाळ्यात गाडी विजेला जोडून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी इंजिन तोंड उघडत नाही. मुलगी बर्नाबीला युनिव्हर्सिटीत. घरात दिवसभर उरलो दोघं: मी आणि सासूबाई.

सासूबाई ऑक्टोबरात इस्लामपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, बर्फ बघायला. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बर्फ पडला. त्यांनी खिडकीतून पाहिला, "बरं" म्हणाल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला आत गेल्या. उरलेले पाच महिने आणि अठ्ठावीस दिवस काय करायचं याचा विचार कोणीच केला नव्हता.

चोवीस वर्षांच्या संसारात माझं आणि त्यांचं फार तर शंभरेक वाक्यं बोलणं झालं असेल. त्यातली नव्वद "अजून एक घ्या की" आणि "नको, पोट भरलं" या प्रकारची. त्या मला जावईबापू म्हणायच्या, मी त्यांना आई. मी खोलीत आलो की त्या उठून उभ्या राहायच्या, आणि त्यांना उभं राहावं लागू नये म्हणून मी खोलीत जायचंच टाळायचो. आता मला खोलीतून बाहेरच जाता येत नव्हतं. त्यात डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला सांगितलेला. चार उशांवर ठेवलेलं माझं पाऊल नेमकं समोरच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाईंच्या तोंडाकडे रोखलेलं असायचं. लग्नात त्यांनी माझे पाय धुतले होते हे खरं, पण ते पाच मिनिटांचं काम होतं. शेवटी बायकोनं एका रविवारी सोफा फिरवला आणि आम्ही दोघं शेजारी-शेजारी, टीव्हीकडे तोंड करून बसलो. पुढचं सगळं त्या सोफा फिरवण्यामुळे झालं.

मराठी सीरियलींसाठी आमच्याकडे एक पेटी होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं स्वतःला अपडेट करून घेतलं आणि ती मेली. जिथून घेतली होती त्या दुकानाच्या जागी आता नखं रंगवायचं सलून होतं. राहिले ते इथले चॅनेल. दोन दिवस आम्ही कर्लिंग बघितलं, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत पुढे झाडू मारायचा खेळ. सासूबाई लक्ष देऊन बघत होत्या.

"एवढं जीव तोडून पुसतात, आणि परत त्याच्यावर दगड सोडतात," त्या म्हणाल्या. "घरी पुसत असतील का हो हे बाप्ये?"

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी रिमोट दाबत चाललो होतो. दाबता दाबता स्क्रीनवर एक गाय आली.

"थांबा थांबा!" सासूबाई म्हणाल्या.

कार्यक्रम नॉर्वेतला होता. त्याचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, त्यामुळे ते लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. समुद्राचा एक निमुळता हात डोंगरांत घुसलेला, त्याच्या काठावर चढावर एक लाकडी घर, एक गोठा, नऊ गायी, काही मेंढ्या. घरात दोन माणसं: सत्तरीतला एक दाढीवाला भाऊ आणि त्याची तितकीच म्हातारी बहीण. दोघांचीही लग्नं झालेली नाहीत. कॅमेरावाला त्यांच्याकडे वर्षभर राहिलेला दिसत होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. गाय रवंथ करतेय तर तो चार मिनिटं रवंथ दाखवणार. बाई बादली धुतेय तर बादली पूर्ण धुऊन होईपर्यंत कुठे जाणार नाही. निवेदक नाही, संगीत नाही. दर मंगळवारी आणि गुरुवारी अर्धा तास. बोलणं नॉर्वेजियन, खाली इंग्रजी अक्षरं.

सासूबाईंना इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, पण एक ओळ लावेपर्यंत टीव्हीवरची ओळ निघून जायची. तेव्हा वाचून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं.

"काय म्हणाला तो दाढीवाला?"

"आज थंडी आहे म्हणाला."

मग तीन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. बाईनं एका गायीच्या पाठीवर थाप मारली.

"ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जावयाच्या ताटात मीठ कमी पडलं तर बघावं तसं. "एवढंच?"

"एवढंच, आई."

"एवढा वेळ तोंड हलवत होता की."

पहिले तीन भाग मी प्रामाणिकपणे सांगितले. आता बर्फ थांबेल. बर्फ थांबला नाही. कॉफी झाली का. झाली. मी काहीतरी गाळतोय, बहुधा कंटाळा करतोय, असं सासूबाईंना वाटत असल्याचं दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मी इतका कंटाळलो होतो की छताच्या पॅनेलवरची भोकं मोजून झाली होती. खिडकीबाहेर जे होतं तेच टीव्हीवर होतं. फक्त तिकडे डोंगर होते आणि आमच्याकडे पलीकडच्या घराची मागची बाजू.

चौथ्या भागात दाढीवाला बर्फात उभा राहून पडलेल्या कुंपणाकडे बघत होता. खाली अक्षरं आली की कुंपण दुरुस्त करायला हवं.

"काय म्हणाला?"

तोंडातून निघून गेलं. "शेजाऱ्यानं बांध कोरलाय म्हणतो."

सासूबाई ताठ बसल्या. दोन महिन्यांत मी त्यांना इतकं जिवंत पाहिलं नव्हतं.

"किती?"

"काय किती?"

"किती कोरलाय?"

"चार फूट," मी म्हणालो. "दरवर्षी थोडा थोडा."

"असंच करतात मेले," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा पुसला.

तिथून मला थांबता आलं नाही. थांबायची इच्छाही नव्हती. गुरुवारी शेजारी दुरून ट्रॅक्टरवरून जाताना दिसला तर मी त्याला बापाच्या वेळचं वैर दिलं. बहीण गप्प गप्प असायची. तिला मी पोस्टमन दिला. पोस्टमन खरोखर होता, लाल जाकिटातला, टक्कल पडलेला. तो घाटातून गाडी चढवत यायचा, पत्रं द्यायचा आणि जायचा. एकदा बाईनं त्याला मुरंब्याची बाटली दिली. ते दोघं काहीतरी बोलले. माझ्या आठवणीप्रमाणे रस्ता घसरडा आहे वगैरे.

"मुरंबा उगाच कोण देतं?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, अजून तशीच चव आहे."

सासूबाईंनी पदर तोंडावर धरला. इतकं चांगलं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. बायकोला विचारा.

अडचण एकच होती की चित्र माझ्या ताब्यात नव्हतं. वीस वर्षं तोंड न बघणारा शेजारी एका मंगळवारी सरळ घरात शिरला आणि टेबलाशी बसून जाळीदार केक खाऊ लागला. दाढीवाला त्याच्या कपात कॉफी ओतत होता. दोघं हसत होते.

"हा इथं कसा?"

"समेटाची बैठक आहे," मी म्हणालो. "तहसीलदारांनी लावलीय."

"तिकडं तहसीलदार असतो?"

"त्यांच्यातला असतो एक."

सासूबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या. मी पकडला गेलो असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "समेट कसला. खायला घालून सह्या घेणार बघा आता." शेजाऱ्यानं खिशातून खरंच एक कागद काढला. कसला होता देव जाणे. मी त्याला हक्कसोडपत्र केलं.

जानेवारीत मला बूट मिळाला आणि मी घरात हळूहळू हिंडायला लागलो. एका सकाळी साडेआठला किचनकडे चाललो होतो, तर आत सासूबाई फोनवर. फोन स्पीकरवर होता, कारण कानाला लावला की तो कापतो असं त्यांचं मत होतं. पलीकडे त्यांची थोरली बहीण, इस्लामपूरला. तिकडे तेव्हा रात्रीची जेवणं झालेली असायची. या ताईंना मी लग्नात पाहिलं होतं. सासूबाईंपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, आणि घरातलं कुठलंही बोलणं त्यांच्यापाशी सुरू होऊन त्यांच्यापाशीच संपायचं.

"मग पोस्टमन आला का परत?" ताईंचा आवाज किचनभर घुमला.

"आला की. पण ती बाहेरच आली नाही."

"का?" आणि मागून दुसऱ्या कुणा बाईचा आवाज: "भावानं अडवलं असणार!" मग तिसरीचा: "तुम्ही गप बसा हो, त्यांना सांगू द्या."

मी भिंत धरून उभा राहिलो. नंतर हळूहळू कळलं ते असं: आरतीनंतर चार-पाच जणी ताईंच्या ओट्यावर जमायच्या. नॉर्वेचं ऐकायला. त्यांच्यात दोन गट पडले होते. एक गट म्हणत होता बाईनं सरळ पोस्टमनकडे निघून जावं. दुसरा म्हणत होता या वयात ही थेरं कशाला. शेजारचे एक निवृत्त तलाठीही येऊन बसायला लागले होते आणि त्यांनी निरोप पाठवला होता की नुसतं भांडून उपयोग नाही, आधी मोजणीचा अर्ज करायला सांगा. सासूबाईंनी तो मला पोचवला. दाढीवाल्यापर्यंत मी तो पोचवावा असं त्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल.

"तू माझ्या आईला फसवतोयस," ती म्हणाली.

"करमणूक करतोय."

"पंचाहत्तर वर्षांच्या बाईला खोटं सांगतोयस, आणि ती ते गावभर सांगतेय."

"कार्यक्रम संपला की सांगेन ना."

"आत्ता सांग."

"फक्त पोस्टमनचं मार्गी लागू दे," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, गोळ्यांची डबी माझ्यापुढे आपटली आणि ती बेसमेंटमध्ये लाँड्री करायला निघून गेली.

सांगायची वेळ आलीच नाही. फेब्रुवारीत मुलगी आठवडाभराच्या सुट्टीवर बर्नाबीहून आली. गुरुवार होता. बाहेर उणे एकतीस आणि टीव्हीवर जुलै. नॉर्वेत गवत कापून वाळत घालायचं काम चाललेलं. मुलगी कॉर्नफ्लेक्सचा बोल घेऊन आमच्यामागे येऊन उभी राहिली. दाढीवाल्यानं मूठभर गवत उचललं, दाबून पाहिलं, शेजाऱ्याच्या रानाकडे नजर टाकली आणि दोन शब्द बोलला.

"काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाला, माझं रक्त सांडेल या बांधावर, पण एक वीत सोडणार नाही."

मागून चमचा वाजायचा थांबला. "बाबा, व्हॉट? ही सेड द हे इज वेट."

मी मान वळवली नाही.

"काय म्हणते ही?" सासूबाई म्हणाल्या.

मुलीला आजीशी मराठीत बोलायला आवडतं. एरवी तिला मराठीत बोलतं करायला हातापाया पडावं लागतं. "आजी, तो म्हणाला गवत ओला आहे. रक्त नाही. बाबा मेक अप करतात."

पुढचं अर्धं मिनिट दाढीवाला गवत उलटत होता. कॅमेरावाल्यानं नेहमीप्रमाणे ते पूर्ण दाखवलं.

"तू वाच," सासूबाई नातीला म्हणाल्या. नात वाचायला लागली. उद्या ऊन असेल. दोरी आण. ही नाही, दुसरी. सासूबाईंनी सगळा भाग शेवटपर्यंत ऐकला, मग उठल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझी कसलीही गैरसोय झाली नाही. चहा वेळेवर, पोळ्या गरम, भाजीत मला आवडतो तसा दाण्याचा कूट. फक्त सगळं नातीमार्फत. "तुझ्या वडिलांना विचार, आमटी वाढू का." मी दीड हातावर बसलेलो असायचो. "बाबा, आजी वॉन्ट्स टू नो..." आय नो, मी म्हणायचो. पुन्हा मी आलो की त्या उठून उभ्या राहायला लागल्या. त्याचं मला सर्वांत वाईट वाटलं.

सकाळचे फोनही बंद. इस्लामपूरहून वाजायचा, त्या बघायच्या आणि तसाच वाजू द्यायच्या.

रविवारी मी हॉलमध्ये होतो आणि मायलेकी किचनमध्ये भाजी निवडत होत्या. बायको म्हणाली, "अगं आई, एवढं काय, चेष्टा केली त्यानं. त्याला तसंच जमतं."

"चेष्टेचं नाही गं," सासूबाई म्हणाल्या. बराच वेळ मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज आला. "ताई ऐकत होती माझं. जन्मात पहिल्यांदा. मी बोलायची आणि ती गप बसून ऐकायची."

मी आयुष्यात पुष्कळ फालतू गोष्टी केल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं मला काही वाटत नाही. याचं वाटलं. बूट ओढत मी किचनमध्ये गेलो. सासूबाई उठायला लागल्या.

"बसा आई, प्लीज. माझं चुकलं."

बायको निवडायची थांबली. जावयानं सासूची माफी मागण्याची पद्धत दोघींनाही ठाऊक नव्हती, मलाही नव्हती. मी नुसता उभा होतो, एका पायावर भार टाकून.

"पहिल्यापासून खरं सांगा," सासूबाई म्हणाल्या.

मी खुर्ची ओढली आणि आठवेल तेवढं सांगितलं. कुंपण. कॉफी. रस्ता घसरडा. त्या मेथी निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे बांध कोरलाच नाही?"

"नाही."

"आणि तो शेजारी?"

"बरा माणूस असावा. बहुतेक गवत कापायला मदत करतो."

त्यांचा हात थांबला. "मी दोन महिने शिव्या घातल्या हो त्याला. ताईनं तर शापच दिला." मग जरा वेळानं, "पोस्टमन?"

"पोस्टमन नुसता पोस्टमन आहे, आई."

"ते मात्र मला पटत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही वाचता अक्षरं. मी तिचं तोंड बघत होते."

मग त्यांनी जुडी बाजूला ठेवली, हात झटकले आणि मला पहिल्यांदाच हुकूम केला. "आता निस्तरायचं तुम्हीच. तिकडं बायका खोळंबल्यात. ताईला खोटं सांगितलं असं मी सांगणार नाही. ती मरेपर्यंत बोलून दाखवेल. बसा इथं. पुढं काय ते ठरवू."

बायको म्हणाली, "तुम्ही दोघंही वेडे आहात," आणि मेथी उचलून सिंककडे गेली. पण पाणी सोडलं नाही, ऐकत राहिली.

तेव्हापासून पद्धत अशी ठरली. टीव्हीपुढे मी खरं तेच वाचायचं, शब्दन् शब्द. कार्यक्रम संपला की टीव्ही बंद करून, चहा घेऊन, ताईला काय सांगायचं ते आम्ही दोघांनी बसून ठरवायचं. माझी समजूत होती की मी बरा रचणारा आहे. सासूबाईंनी दोन बैठकांत माझा गर्व उतरवला. मी कोर्टात साक्षीदार फितवण्याचा प्रसंग काढला; त्यांनी तो "सीरियलीसारखं होतं" म्हणून टाकून दिला. त्यांनी सुचवलं की बहिणीला शेजाऱ्याच्या वासराचा लळा लागलाय, वासरू रोज पडक्या कुंपणातून इकडे येतं, आणि तिनं भावाला न सांगता कुंपण तसंच ठेवलंय. म्हणून तर ते दुरुस्त होत नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"शेजाऱ्याला आजारी पाडू या का?" मी एकदा विचारलं. "म्हणजे वैर मिटेल."

"नको. आधीच फार बोललोय त्याला."

टीव्हीवर शेजारी दिसला की आता त्या किंचित मान झुकवायच्या. एक देणं होतं ते, त्यांच्या हिशोबानं.

फोन पुन्हा सुरू झाले. तिकडच्यांना सांगितलं की मध्ये चार दिवस प्रक्षेपण बंद होतं, हवामान खराब होतं. ते खरंही वाटलं.

मार्चच्या शेवटी कार्यक्रम संपत आला. तिकडे शरद ऋतू लागला होता, झाडं पिवळी. शेवटून दुसऱ्या भागाच्या दिवशी बायकोला सुट्टी होती. तीही सोफ्याच्या हातावर येऊन टेकली. एक ट्रक चढ चढून आला. दोन माणसं उतरली. दाढीवाल्यानं गोठ्याचं दार उघडलं आणि एकेक गाय बाहेर आणली. बहिणीनं प्रत्येकीच्या कपाळावर हात ठेवला. नऊही. एक गाय फळीवर चढायला तयार नव्हती, तर बाईच पुढे होऊन चढली आणि ती मागून गेली. मग बाई एकटीच खाली उतरली. सगळं मिळून वीस मिनिटं. कोणी एक शब्द बोललं नाही आणि मला वाचायला काही नव्हतं.

ट्रक गेल्यावर ती दोघं रिकाम्या गोठ्यात उभी राहिली. भाऊ काहीतरी म्हणाला.

सासूबाईंनी विचारलं नाही. मीच सांगितलं. "म्हणाला, आता सकाळी उशिरापर्यंत झोपता येईल."

"नाही झोपणार ती," सासूबाई म्हणाल्या.

त्या टीव्हीकडे बघतच बोलत होत्या, पण बोलणं बायकोशी होतं. "दोन म्हशी विकल्या तेव्हा तू म्हणालीस, आई, आता आराम कर. मी हो म्हणाले. पाच वर्षं झाली. अजून साडेचारला उठते. उठून बसते. कुठं जायचं ते कळत नाही, मग चहा करते."

"तू कधी बोलली नाहीस," बायको म्हणाली.

"तू विचारलंस कधी? तू औषधं घेतलीस का तेवढंच विचारतेस."

बायकोला ते लागलं. ती उठली, पण गेली नाही. आईच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसली. तीन माणसं एका सोफ्यावर, आणि समोर एक म्हातारी बाई बादल्या धूत होती. एकेक करून सगळ्या. आता लागणार नव्हत्या तरी.

त्या दिवशी चहाची बैठक झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किचनमध्येच होतो. सासूबाईंनी फोन लावला आणि जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. ट्रक, फळी, कपाळावरचा हात. काही घातलं नाही, काही काढलं नाही. ताई म्हणाल्या, "तुझ्यासारखंच झालं की गं तिचं."

"हो."

"तेव्हा तू रडली होतीस का?"

"तू कुठं होतीस तेव्हा बघायला," सासूबाई म्हणाल्या. ताईंना असं उलट बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि ताईंनी ते ऐकून घेतलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, मग त्या म्हणाल्या, "आणि बांधाचं काय झालं शेवटी?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

"कोर्टात आहे अजून," त्या म्हणाल्या.

मागून तलाठ्यांचा आवाज आला: "मी म्हटलं नव्हतं?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाई परत गेल्या. तोवर मी बिनाकाठीचा चालायला लागलो होतो. विमानतळावर व्हीलचेअरवाल्या बाईनं त्यांना ताब्यात घेतलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर," म्हणजे पुन्हा त्या नव्वद वाक्यांतलंच एक. मग मागे वळून, "आणि जरा कमी बोलत जा."

त्या दिवाळीत त्यांनी गाय घेतली. म्हशी नाहीत, एकच गाय, तांबडी. बायकोला हे मावशीकडून, म्हणजे ताईंकडून, कळलं आणि तिनं तासभर फोनवर आकांडतांडव केलं: वय काय, गुडघे काय, पडलीस तर कोण बघणार. पलीकडून सासूबाई फक्त "एकच आहे" एवढंच म्हणत होत्या. ताई रोज पहाटे दूध न्यायला येतात, दूध पातळ आहे म्हणतात, आणि तिथेच बसून राहतात. गाय तीन लिटर देते आणि लाथ मारते. बायकोनं आठ दिवस अबोला धरला. सासूबाईंशी, गायीशी नव्हे. नववा दिवस उजाडला तेव्हा तिनं फोन लावला आणि विचारलं, "आई, आज सकाळी काय केलंस?"